मुकुटाआधी कापड

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस गांधीबागेत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर २०२२मध्ये सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून मेट्रो धावू लागली, अग्रसेन चौकाचं स्टेशन बाजाराच्या जवळ आलं, तरी आतल्या गल्ल्यांत अजून हातगाडीचंच राज्य आहे. डोक्यावर गाठोडं घेतलेला हमाल ‘बाजूले व्हा जी’ म्हणत येतो आणि गर्दी आपोआप दुभंगते. हा नागपूरचा ठोक कापडबाजार. विदर्भातल्या तालुक्यांच्या दुकानांचा माल इथून भरला जातो आणि गाठी पुढे छत्तीसगड, मध्य प्रदेशापर्यंत जातात. चिल्लर गिऱ्हाईकही येतंच. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर बसायचं आणि थान उलगडताना बघायचं. दुकानातला माणूस मनगटाच्या एका झटक्यात पाच-सहा मीटर कापड गादीवर पसरतो आणि त्याच क्षणी गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे बघतो. तिथेच त्याला सौदा कळतो.

लग्नाचा बस्ता, नवरात्रातले घागरे, शाळेच्या गणवेशाचं कापड, शेरवानीचं ब्रोकेड असं सगळं इथून जातं. याच गिऱ्हाइकांत आई आणि कॉलेजात शिकणारी लेक अशी एक जोडीही असते. लेकीच्या मोबाइलमध्ये एका गाऊनचा फोटो असतो, कुठल्यातरी अंतिम फेरीतला, टीव्हीच्या पडद्यावरून टिपलेला. तसंच कापड हवं असतं, पण त्या किमतीत नको असतं. कारण शहरात, पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात कुठेतरी सौंदर्यस्पर्धेची निवडफेरी असते.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी ‘मंच’ असा दिला, तेव्हा या मंचाकडे गांधीबागेच्या बाजूने पाहायचं ठरलं. टीव्हीवर सौंदर्यस्पर्धा चेहऱ्यांची वाटते. कापडबाजारातून पाहिली की तिच्यातलं कापड दिसतं, खर्च दिसतो, आणि नागपूरसारख्या शहरातली मुलगी त्या मंचापर्यंत पोचते तेव्हा तिने वाटेत काय काय ओलांडलेलं असतं तेही दिसतं.

गिरणी, पोहण्याचे कपडे आणि किताब

कापडाचा आणि मुकुटाचा संबंध वरवरचा नाही, तो पायातच आहे. १९५१ची मिस अमेरिका योलांद बेटबीझ हिने किताब मिळाल्यावर पोहण्याच्या कपड्यांत मिरवायला ठाम नकार दिला. स्पर्धेची प्रायोजक होती कॅटलिना, मुळात विणकामाची गिरणी म्हणून सुरू झालेली आणि नंतर पोहण्याचे कपडे विकणारी कॅलिफोर्नियातली कंपनी. तिने प्रायोजकत्व काढून घेतलं आणि आपली वेगळी स्पर्धा काढली. ती मिस युनिव्हर्स. १९५२ साली लाँग बीचला तिची पहिली फेरी झाली आणि फिनलंडची आर्मी कूसेला जिंकली. आज जगभर दिसणारी ही स्पर्धा कपडे विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारीतून जन्मली, हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच काही उलगडतं.

त्या पहिल्या फेरीत भारताकडून इंद्राणी रहमान गेल्या होत्या. शास्त्रीय नर्तकी, विवाहित आणि एका मुलीची आई. पुढे याच स्पर्धेने लग्न झालेल्यांना आणि आयांना कित्येक दशकं दार बंद ठेवलं. ते पुन्हा उघडलं २०२३मध्ये, आणि २०२४च्या स्पर्धेपासून वयाची वरची अटही गेली.

भारतात फेमिना मासिकाने १९६४ साली मिस इंडिया सुरू केली. पहिल्या विजेत्या मेहेर कॅस्टेलिनो पुढे फॅशनवर लिहिणाऱ्या पत्रकार झाल्या. अलीकडच्या वर्षांत स्पर्धेच्या नावाआधी लागलेली नावं पाहावीत. आधी पँटलून्स, मग एफबीबी. दोन्ही तयार कपड्यांची दुकानं. मिस युनिव्हर्ससाठी भारतीय मुलगी निवडणाऱ्या मिस दिवा स्पर्धेला तर लिवाचं नाव होतं आणि लिवा हा थेट धाग्याचा ब्रँड, बिर्लांच्या ग्रासिमचा. हरनाज संधू २०२१मध्ये याच वाटेने मिस युनिव्हर्स झाली. एइलातच्या मंचावर तिने घातलेला गाऊन सायशा शिंदे या मराठी आडनावाच्या डिझायनरने केला होता. म्हणजे धागा विकणारा, कपडा विकणारा आणि शिवणारा हे तिघेही मंचाच्या आसपास होते, आणि मुकुटाचा झोत त्यांच्यावरही पडत होता.

नागपूरला हे नवं नाही. गांधीबागेपासून जवळच, गांधीसागर तलावाच्या बाजूला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी होती. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी ती सुरू झाली आणि नाव तिच्याच पदवीवरून पडलं. त्या जागेवर आता मॉल आहे. गिरणी गेली, पण कापड विकण्याचं या भागाचं कसब राहिलं.

नागपूरची मुलगी, गोव्याची स्पर्धा

टीव्हीवर दिसणारी अंतिम फेरी हा शिडीचा शेवटचा दांडा. खालचे दांडे कुठे आणि कसे रोवलेत, यावर कोण वर चढणार ते ठरतं.

नागपूरचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण लोपामुद्रा राऊतचं. जन्म नागपूरचा, शिक्षण इथल्याच रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयात, तेही इलेक्ट्रिकलचं. २०१३ साली ती फेमिना मिस इंडिया गोवा या प्रादेशिक स्पर्धेत उतरली आणि पहिली उपविजेती ठरली. त्या काळात मिस इंडियाची निवड शहरा-प्रदेशांच्या फेऱ्यांतून होत असे. दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, गोवा अशा त्या फेऱ्या. विदर्भातल्या मुलीने शिडी शोधायची तर गाव सोडून जावं लागे. त्याच वर्षी ती राष्ट्रीय अंतिम फेरीत पोचली आणि ‘मिस बॉडी ब्युटिफुल’ हा उपकिताब तिला मिळाला. २०१४मध्ये ती पुन्हा उतरली. अखेर २०१६मध्ये इक्वेडोरच्या ग्वायाकिल शहरात मिस युनायटेड कॉन्टिनेंट्स स्पर्धेत तिने भारताचं प्रतिनिधित्व केलं आणि दुसरी उपविजेती ठरली. घराघरांत ती पोचली ती मात्र त्यानंतर ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वामुळे.

या वाटेतली खरी गोष्ट सालांत आहे. २०१३ ते २०१६. एका फेरीत हरलेली मुलगी पुढच्या वर्षी परत येते, कारण परीक्षकांना ती आता ओळखीची असते आणि मंचाची भीती गेलेली असते. पुन्हा येण्यासाठी मात्र घरात पैसा लागतो, आणि ‘आता पुरे झालं’ न म्हणणारे आईवडील लागतात. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही.

२०१७पासून मिस इंडियाने पद्धत बदलली. देशातल्या प्रत्येक राज्यातून एकेक मुलगी निवडायची आणि त्यांच्यात अंतिम फेरी घ्यायची. हरियाणाची मानुषी छिल्लर त्या पहिल्याच वर्षी जिंकली आणि त्याच वर्षी मिस वर्ल्ड झाली. ही पद्धत कागदावर न्याय्य वाटते, आणि ईशान्येच्या राज्यांना तिचा नक्कीच फायदा झाला. महाराष्ट्रात मात्र तिचा अर्थ वेगळा निघतो. मुंबईत राहणारी प्रत्येक मॉडेल, प्रत्येक नवी अभिनेत्री या राज्याच्या एका जागेसाठी उभी राहू शकते. गडचिरोलीची, अकोल्याची, नागपूरची मुलगी तिच्याच रांगेत असते. मुंबईकर मुलींना आणखी एक वाट असते, ती म्हणजे मूळ गावच्या राज्याकडून उतरण्याची. २०२२ची विजेती सिनी शेट्टी जन्माने मुंबईची, पण तिने प्रतिनिधित्व केलं कर्नाटकाचं. पिढ्यान्‌पिढ्या विदर्भातच राहिलेल्या घरातल्या मुलीला ही दुसरी वाट नसते. एका राज्याला एकच जागा ठेवायची, तर मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी वेगळी फेरी हवी होती. तसं झालं नाही आणि ते खटकत राहतं.

दोन बदलांचं मात्र मनापासून स्वागत करावं. किमान उंचीची अट पाच फूट पाच इंचांवरून पाच फूट तीन इंचांवर आली. आपल्याकडच्या मुलींसाठी ते दोन इंच फार मोठे होते. आणि २०२०ची निवड करोनामुळे दूरस्थ झाली, व्हिडिओ पाठवून. त्याच वर्षीची उपविजेती मान्या सिंग. वडील मुंबईत रिक्षा चालवणारे. मुकुट मिळाल्यावर ती कॉलेजातल्या सत्काराला वडिलांच्या रिक्षातून, मागे रिक्षांची रांग घेऊन गेली. निवडफेरीसाठी नागपूरहून रात्रीच्या गाडीने सव्वाआठशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाणं, दोन जणांचं भाडं, राहणं, परत येणं, हे एका व्हिडिओने वाचतं तेव्हा कोण कोण दारापर्यंत येऊ शकतं, हे त्या वर्षाने दाखवलं.

पडद्यावरचे दोन तास

अर्जापासून सुरुवात होते. फोटो तीन प्रकारचे: चेहऱ्याचा, कमरेपर्यंतचा, पूर्ण उंचीचा. मेकअप नको. त्यात चांगला फोटोग्राफर मदत करतोच, पण निवड करणारे मुलीची ठेवण बघतात, फोटोचं कसब नाही. मग चालण्याचा आणि स्वतःची ओळख सांगण्याचा व्हिडिओ. प्रत्यक्ष फेरीत उंची अनवाणी मोजली जाते. कमरेजवळ क्रमांक लावला जातो आणि पुढचे काही तास मुलगी त्या आकड्यानेच ओळखली जाते.

सगळ्यात निर्णायक टप्पा प्रेक्षकांना सहसा दिसतच नाही. तो म्हणजे बंद दाराआडची मुलाखत. चार-पाच परीक्षक, समोर एक खुर्ची, काही मिनिटं. घरी कोण आहे, काय वाचलं, हरलात तर काय कराल. टीव्हीवर शेवटच्या पाच-सहा जणींना जो एकेक प्रश्न विचारला जातो, तो त्या मानाने फार थोडं ठरवतो. बऱ्याच स्पर्धांत प्राथमिक फेऱ्यांचे गुण आधीच वहीत बसलेले असतात.

अंतिम फेरीच्या आधी तालमी होतात आणि त्या मुख्यतः कॅमेऱ्यासाठी असतात. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या असतात. कुणी कुठे थांबायचं, कुठल्या कॅमेऱ्याकडे वळायचं, लाल दिवा कुठे लागला हे डोळ्याच्या कडेने कसं पाहायचं, हे सगळं घोटून घेतलं जातं. नाव पुकारल्यावर आनंद कसा व्यक्त करायचा याचीही तालीम असते. प्रत्येक तालमीत वेगळंच नाव विजेती म्हणून घेतात, म्हणजे कुणाला अंदाज बांधता येऊ नये आणि कॅमेरामनला मात्र कुणाचंही नाव आलं तरी चौकट सापडावी. शेवटच्या दोघी हात धरून उभ्या असतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर थांबतो. ते थांबणं आधीच ठरलेलं असतं. तिथला श्वास मात्र खरा असतो.

मधेच सिनेतारकांचं नृत्य येतं, निवेदक प्रायोजकांचं नाव घेत गप्पा वाढवतो. अनेकांना हे लांबण वाटतं. पण त्याच वेळी आत गुणांची बेरीज चाललेली असते, लेखापरीक्षकांचे लोक कागद तपासत असतात, आणि पंधरा-वीस मुली एका खोलीत काही मिनिटांत गाऊन बदलत असतात. एकीच्या गाऊनची मागची चेन ओढायला दोघी, तिसरी पायांत सँडल अडकवते, चौथी केसांत पिना खोचते. ज्यांना आपण प्रतिस्पर्धी म्हणतो त्या या खोलीत एकमेकींच्या चेन ओढतात.

उपकिताबांचंही तसंच. ‘सुंदर हास्य’, ‘सुंदर केस’, ‘सुंदर त्वचा’, यातल्या प्रत्येकामागे बहुतेक वेळा टूथपेस्ट, शाम्पू किंवा क्रीम विकणारा कुणीतरी असतो. मुख्य मुकुट एकच, पण जाहिरातीसाठी चेहरे पाच-सहा मिळतात, आणि न जिंकलेल्या मुलीलाही घरी न्यायला काहीतरी नाव मिळतं. अर्ज भरताना पुढच्या वर्षी त्या नावाचा उपयोग होतो.

कार्यक्रम बऱ्याचदा आधी चित्रित होतो आणि कापून, जोडून नंतर दाखवला जातो. चार तासांच्या समारंभाचे पडद्यावर दोन तास होतात. जी मुलगी पहिल्या फेरीत बाहेर पडली, तिचे त्यातले सेकंद मोजायला बोटंही जास्त होतात. तिच्या गाऊनला लागलेला पैसा आणि शिवणीचे दिवस मात्र जिंकलेलीइतकेच.

टाचेवर उभं राहून माप

या गाऊनची गोष्ट थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण गांधीबागेत मुलींची पहिली फसगत इथेच होते.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चमकणारं कापड मंचाच्या झोतात वेगळंच वागतं. सॅटिन प्रत्येक चुणी आणि घामाचा प्रत्येक डाग दाखवतं. हलक्या नेटचं अस्तर पातळ राहिलं, तर मागून दिवा पडताच ते आरपार दिसतं. बारीक चौकड्या किंवा बारीक रेघा कॅमेऱ्यात लहरल्यासारख्या दिसतात, म्हणून टीव्हीसाठी त्या टाळायच्या. टिकल्यांचं कापड पडद्यावर उजळ दिसतं, पण काखेत आणि मांडीला घासून सोलवटतं, म्हणून तिथे आतून मऊ अस्तर जोडावंच लागतं. जाणकार दुकानदार हे सांगतो. गिऱ्हाईक घाईत असलं तर ते ऐकत नाही.

कापडाचा पन्हा चव्वेचाळीस इंची असला, की घेराला जोड द्यावा लागतो आणि जोड दिसू नये म्हणून कळ्या पाडाव्या लागतात. घेर फुगवायला आत कॅनकॅनची कडक जाळी, छातीला आधार द्यायला शिवणीत घातलेल्या पट्ट्या, मागे लोळणारा घोळ हवा असला तर आणखी मीटरभर. हे सगळं गादीवर बसूनच ठरवावं लागतं, कारण ठोक दुकानात उरलेलं कापड परत घेत नाहीत.

मग शिंप्याकडे. मुलीने माप देताना स्पर्धेत घालायची उंच टाचेची सँडल बरोबर आणावी लागते. त्या सँडलवर उभं राहूनच खांद्यापासून जमिनीपर्यंत टेप लावायची. अनवाणी माप घेतलं की मंचावर गाऊन तीन-चार इंच आखूड पडतो, आणि जास्त लांब ठेवला की चालताना पुढची कड पायात येते. म्हणून पुढून कड जमिनीपासून किंचित वर आणि मागून टेकलेली, असा उतार काढतात. मुलीला चार पावलं चालायला लावतात, पुन्हा उभं करतात, पुन्हा टाचणी लावतात. चालताना मुलीने पाय पुढे टाकताना कापड हलकेच ठोकरायचं असतं, हे शिंपीसुद्धा शिकवतो. लग्नाचे शालू आणि नवरीचे घागरे करण्यात मुरलेले हात हे काम फार चटकन उचलतात.

घरगुती शिंप्याने शिवलेल्या गाऊनवर देशाचा मुकुट मिळालेला आहे, हे सुश्मिता सेनने स्वतःच सांगितलंय. १९९४च्या मिस इंडियाच्या वेळी तिच्या आईने दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून कापड आणलं. इमारतीखालच्या गॅरेजात परकर शिवणाऱ्या शिंप्याने गाऊन शिवला, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे केले. रीता फारिया तर १९६६ साली मिस वर्ल्डसाठी लंडनला गेली तीच मुळी उसनी साडी आणि उसना पोहण्याचा पोशाख घेऊन. ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. जिंकली, आशियातली पहिली मिस वर्ल्ड ठरली, आणि चित्रपटाकडे न वळता वैद्यकीचं शिक्षण पूर्ण केलं. या दोन गोष्टी गांधीबागेत कापड निवडणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक असाव्यात.

पारंपरिक फेरीचं वेगळंच दुखणं. मंचावर बहुतेक मुली शिवलेली नऊवारी, नथ, खोपा, ठुशी असा पेशवाई थाट करून येतात, मग त्या चंद्रपूरच्या असोत की सांगलीच्या. विदर्भाच्या कोष्टी विणकरांची टसरची करवतकाठी साडी, करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेली आणि भौगोलिक मानांकन मिळालेली, तिथे क्वचितच दिसते. टसर झोतात उजळून निघतं, उगाच चकाकत नाही आणि चुण्या सुरेख धरतं. टीव्हीसाठी याहून चांगलं वस्त्र विदर्भात नाही. नागपूरच्या मुलीने ते नेसावं आणि आपण कुठून आलो हे वस्त्रातून सांगावं, अशी फार इच्छा आहे.

क्रीडासंकुल बांधीन म्हणणारी

नागपुरात जन्मलेली आणखी एक मुलगी या मंचावर गेली होती, लोपामुद्राच्या वीस वर्षं आधी. मधू सप्रे. मैदानी खेळांत वाढलेली, उंच, सावळी, पुरुषी म्हणून नाकं मुरडली जातील अशी खांद्यांची ठेवण आणि त्याच ठेवणीचं सौंदर्य. १९९२च्या मिस युनिव्हर्समध्ये, बँकॉकला, ती शेवटच्या तिघींत पोचली. प्रश्न आला: देशाची नेता झालीस तर सर्वांत आधी काय करशील? तिने सांगितलं, मोठं क्रीडासंकुल बांधीन, कारण आपल्याकडे खेळायला सोयी नाहीत, आणि गरिबी काही वर्षभरात जात नाही. ती तिसरी आली. नामिबियाची मिशेल मक्लीन जिंकली. त्या उत्तरानेच मुकुट गेला, असं तेव्हापासून सांगितलं जातं.

त्याच वर्षी, तीनेक महिन्यांनी, बार्सिलोना ऑलिंपिकमधून भारतीय पथक एकही पदक न घेता परतलं. खेळाडू मुलीने जे पाहिलं होतं तेच तिने सांगितलं होतं. ते उत्तर प्रामाणिक होतं आणि ठोस होतं. गरिबी हटवीन, असं गुळगुळीत वाक्य म्हटलं असतं तर कदाचित जिंकली असती. सौंदर्यस्पर्धेतल्या प्रश्नोत्तराच्या फेरीत काय तपासलं जातं, हे समजून घ्यायला याहून चांगला प्रसंग नाही. तिथे मुलीला मत आहे की नाही हे बघतात, पण ते मत कुणाला टोचणार नाही अशा शब्दांत आलं पाहिजे, आणि फार वेळ न घेता आलं पाहिजे. त्यात भाषा परकी असली की दुप्पट ओझं.

इथे एक गंमत नव्हे, चक्क अन्याय आहे. जागतिक मंचावर दुभाषी मिळतो. लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी मुली स्पॅनिशमध्ये उत्तर देतात आणि जिंकतातही. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत मात्र इंग्रजीचाच दबदबा. नागपूरच्या मुलीला घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशी तीन भाषांची सवय असते. तीन भाषांत विचार करता येणं ही ताकद आहे. मंचावर ती उच्चारांची अडचण म्हणून मोजली जाते.

म्हणूनच मराठीतल्या स्पर्धांचं मोल वाटतं. महाराष्ट्र टाइम्सची श्रावणक्वीन हे त्यातलं ठळक नाव. मुंबईबाहेरच्या शहरांत फेऱ्या, बोलणं मराठीत, परीक्षक मराठी नाटक-चित्रपट-मालिकांतले, आणि चालण्याइतकंच कलागुणांना महत्त्व. नाच, अभिनय, गाणं, जे येतं ते दाखवायचं. पूजा सावंत हिचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. श्रावणक्वीन जिंकताना परीक्षकांत असलेल्या सचित पाटील यांनी तिला हेरलं आणि ‘क्षणभर विश्रांती’ हा २०१०चा चित्रपट तिला मिळाला. प्रादेशिक स्पर्धा अशी चालते. मुकुट हे तिचं एक फळ, पण खरा उपयोग समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या माणसांचा. त्यांना मालिकेसाठी, चित्रपटासाठी चेहरे हवे असतात, आणि मराठी नीट बोलणारे हवे असतात. त्या खुर्च्यांसमोर एकदा उभं राहायला मिळणं हे विदर्भातल्या मुलीसाठी मुंबईतल्या वर्षभराच्या खेपांइतकं आहे.

या स्पर्धांवरचे आक्षेप जुने आहेत आणि त्यातले अनेक खरे आहेत. १९७०मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड चालू असताना स्त्रीमुक्तीवाद्यांनी पिठाच्या पुड्या फेकल्या होत्या. १९९६मध्ये मिस वर्ल्ड बंगळुरूला झाली तेव्हा एवढा विरोध झाला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. २०१५पासून मिस वर्ल्डने ती फेरीच काढून टाकली. विरोध करणाऱ्यांनी या स्पर्धा बदलल्या, हे मान्य करायला हवं.

पावती कोण फाडतं

आता मुद्दा पैशाचा, आणि तो नेहमी कुजबुजत बोलला जातो. मोठ्या स्पर्धांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन शहरोशहरी स्पर्धा निघतात. कुमारींसाठी, विवाहितांसाठी, लहान मुलींसाठीसुद्धा. त्यातल्या काही चांगल्या चालतात. काहींचा धंदा प्रेक्षकांवर चालतच नाही, तो स्पर्धकांवर चालतो. नोंदणीचे पैसे, ‘ग्रूमिंग’चे पैसे, फोटोंचे पैसे, हॉटेलचे पैसे, आणि वर प्रत्येकीने खपवायची समारंभाची तिकिटं. मतदान मोबाइलवर आणि प्रत्येक मताला पैसे, म्हणजे ज्या घरात नातेवाईक जास्त आणि खिसा जड, त्या घराला पुढचा क्रमांक. एवढं होऊन किताब बहुतेक सगळ्यांनाच मिळतो, कुठला ना कुठला.

ओळखायचं कसं? विजेतीला पुढे कुठल्या स्पर्धेत पाठवणार आणि तो परवाना कुणाकडे आहे, हे लेखी मागावं. मिस युनिव्हर्ससाठीची भारतातली निवड २०२४पासून ग्लॅमानंद या संस्थेकडे आहे आणि तिथे राज्याच्या किताबापासून वर चढण्याची वाट आहे. २०२५ची विजेती मनिका विश्वकर्मा आधी मिस युनिव्हर्स राजस्थान होती. परवानाधारक कोण हे शोधायला फार वेळ लागत नाही. लेखी उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नयेत.

दुसरी गोष्ट करार. मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या मुलीशी साधारण वर्षभराचा करार करतात. त्या काळात तिने कुठलं काम घ्यायचं, कुठल्या जाहिरातीत दिसायचं, कमाईतला वाटा किती, हे त्यात असतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी हा कागद बक्षीस म्हणून हातात घेते. तो आधी मागून घ्यावा आणि ओळखीच्या वकिलाला दाखवावा. नागपूरसारख्या हायकोर्टाच्या गावात वकील शोधावा लागत नाही. तालमीच्या मुक्कामात मुलींसोबत जबाबदार बाई कोण असेल, चित्रित केलेले फोटो-व्हिडिओ पुढे कुठे वापरणार, अर्ध्यातून बाहेर पडल्यास भरलेल्या पैशाचं काय, हेही त्याच बैठकीत विचारायचे प्रश्न.

आयोजकांकडूनही मागण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक स्पर्धकाला तिचे स्वतःचे गुण फेरीनिहाय कळले पाहिजेत. शाळेतल्या मुलाला गुणपत्रिका मिळते, मग हजारो रुपये आणि महिनोन्‌महिने घालणाऱ्या मुलीला का मिळू नये? निवडफेरीचा पहिला टप्पा व्हिडिओवर कायम ठेवावा. गाऊनच्या फेरीसाठी खर्चाची कमाल मर्यादा घालावी, किंवा सगळ्यांना एकाच प्रायोजकाचं कापड द्यावं आणि शिवण्याचं कौशल्य ज्याचं त्याने दाखवावं. कापड विकणाऱ्यांनी उभ्या केलेल्या मंचाला हे अवघड नाही.

नागपुरात अशा स्पर्धेची सगळी सामग्री आहे. रेशीमबागेत २०१७ला सुरू झालेलं कविवर्य सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, महाविद्यालयांत बोलक्या मुली आहेत, आणि इतवारी-गांधीबागेत कापडापासून लेस, बटणं, जरीच्या किनारीपर्यंत सगळं पायी अंतरावर मिळतं. मराठीत प्रश्न विचारणारी, गुण छापून देणारी, स्पर्धकाकडून पैसे न घेणारी एक वैदर्भीय स्पर्धा इथल्या ठोक व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन काढली, तर तिच्या पारंपरिक फेरीला करवतकाठी हा एकच नियम पुरे होईल आणि साड्या विणकरांच्या घरूनच येतील.